दादाने वाचून दाखवलेला शेवट

तरणतलावाच्या पोटात एक खोली असते. वर पोहणाऱ्यांना तिचा पत्ता नसतो आणि नसलेलाच बरा. तिथे मोटारी असतात, वाळूचे फिल्टर असतात आणि पंपाच्या तोंडाशी एक जाळीची टोपली असते. तलावातून जे जे सुटतं ते या टोपलीत येऊन अडकतं. रोज सकाळी पंप बंद करून झाकण उघडायचं आणि टोपली उपसायची, हे पंपवालीचं पहिलं काम. केसांचे गुंते, जखमेवरून सुटलेल्या चिकटपट्ट्या, तुटकी नखं, कुणाचा तरी खोटा दात आणि या सगळ्याला बांधून ठेवणारा करडा, बुळबुळीत चिखल. लोकांना वाटतं तलावाला जो उग्र वास येतो तो स्वच्छतेचा. तो नुसत्या क्लोरीनच्या औषधाचा नसतो, औषध आणि लोकांनी पाण्यात केलेली लघवी एकत्र आल्याचा असतो. हे पंपवालीने एकदा वरच्या साहेबांना सांगितलं, तर त्यांनी पुढ्यातला चहाचा कप बाजूला सारला आणि म्हणाले, "बाई, काही गोष्टी आपल्यापाशीच ठेवत जा."

आपल्यापाशी ठेवण्याची तिला सवय होती. पंचेचाळिशीची, अंगाने काटक, बोलायला तुटक. नगरपालिकेच्या पाणीखात्यात पंप चालवण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. मग बदलीने ती इथे आली. बदलीचा कागद हातात पडला तेव्हा तिला कोरडी ओकारी आली होती, पण घरी एकटी कमावती ती, मुलगी कॉलेजात शिकत होती. नको म्हणायची सोय नव्हती. तिने स्वतःशी एवढंच ठरवलं, की आपण जिन्याने खाली उतरायचं आणि त्याच जिन्याने बाहेर पडायचं. पाण्याच्या काठावर पाय ठेवायचा नाही. याच तलावात ती नऊ वर्षांची असताना शेवटची उतरली होती.

तेव्हा इथे पोहायला शिकवायला सर होते. त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारत नसे, सगळ्या गावाचे ते सरच. पोरं घडवणारा माणूस, दगडालाही तरंगवेल असा त्यांचा लौकिक. भिंतीला धरायला आलेल्या पोराची बोटं ते बुटाने दाबायचे. वर आलेलं डोकं पायाने परत खाली ढकलायचे आणि मोठ्याने हसायचे. तलावाच्या बाजूच्या काचेपलीकडे बसलेले आईबाप पण हसायचे. सर कडक आहेत म्हणजेच चांगले आहेत, असा सगळ्यांचा हिशोब.

एकदा तिच्या नाकातोंडात पाणी गेलं. काठावर येऊन ती भडभडून ओकली. सरांनी तिची मान धरली आणि म्हणाले, "बेडके, माझा तलाव घाण केलास? आता साफ कर. जिभेने." तिला वाटलं थट्टा असेल. मान खाली दाबली गेली तेव्हा कळलं, थट्टा नव्हती. फरशी गार होती आणि ओकारी कोमट. तिने डोळे वर करून काचेकडे बघितलं. सगळे हसत होते. तिचे बाबाही हसत होते, शेजारच्यांकडे बघत, ओशाळं. आणि काठावर, हातात तिचा टॉवेल घेऊन, तिचा दादा उभा होता. बारा वर्षांचा. तो हसत नव्हता, पण जागचा हललाही नव्हता.

त्यानंतर ती तलावावर गेली नाही. बाबांनी आधी समजावलं, मग आरडाओरडा केला, मग तिच्याशी बोलणं टाकलं. "एवढ्याशा थट्टेने कुणी नाक कापून घेतं का?" असं ते आईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचे. आईने मूग गिळले. पाणी जाऊन पोरीचा एक कान फुटला होता, पू येत होता. कापूस घालून ती दिवसचे दिवस मागच्या खोलीत पडून असायची.

तिथे दादाने तो खेळ आणला. मामाच्या मुलाकडून मागून आणलेलं ते जुनं व्हिडिओ गेमचं यंत्र. टीव्हीला जोडायचं, वरून कॅसेट खोचायची, चाललं नाही तर कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची. मारामारीचा खेळ नव्हता तो. चार जणांची टोळी घेऊन गावोगाव हिंडायचं, लोकांशी बोलायचं, कुठे झुंजायचं, कुठे मुक्काम करायचा, आणि हळूहळू गोष्ट उलगडत जायची. सगळं इंग्रजीत, पडद्याच्या तळाशी चौकटीत उमटणारं. तिला ते वाचता येत नव्हतं, दादाला थोडंफार येत होतं. तो वाचायचा आणि मराठीत सांगायचा. एका कानाला कापूस, म्हणून ती दुसरा कान त्याच्याकडे करून बसायची.

गोष्ट एका तिरंदाज मुलीची होती. पात्रांना आपल्या मनाने नाव देता यायचं. दादाने मुलीला बहिणीचंच नाव दिलं. तिच्या टोळीत एक म्हातारा वीर होता, तिचा गुरू. त्याने म्हणे पूर्वी आग ओकणारा राक्षस मारून राज्य वाचवलं होतं. प्रत्येक गावात त्याचा पुतळा. तो टोळीत आहे म्हटलं की दुकानदार तलवारी फुकट द्यायचे. मग अर्ध्या वाटेवर एक जळकं गाव लागायचं. तिथली एक आंधळी बाई सांगायची, की राक्षस कधी नव्हताच. गाव यानेच जाळलं. म्हातारा ते ऐकायचा, आणि पडद्यावरचा त्याचा इवलासा चेहरा बदलायचा.

त्या जागी दादा थांबला होता हे तिला पक्कं आठवतं. बटण दाबेना. ती म्हणाली, "वाच ना, काय म्हणतोय तो?"

दादा म्हणाला, "तो म्हणतोय, मला क्षमा कर."

"मग ती काय म्हणते?"

दादाने पुढचं वाचलं. "ती म्हणते, नाही. मी क्षमा करणार नाही. तू घाण आहेस, आणि मी आता तुझ्याबरोबर चालणार नाही."

पुढे ते दोघे एकमेकांना भिडलेले दिसायचे, ती झटापट आहे असं दादा सांगायचा, आणि मग म्हातारा मरून पडायचा. शेवटच्या चित्रात मुलगी म्हाताऱ्याच्या पुतळ्यापाशी वाकलेली दिसायची. पुढ्यात फुलं, मागे गुडघे टेकलेले लोक. इतकं ठिपक्याठिपक्यांचं चित्र, की कोण काय करतंय ते नीट कळायचं नाही. दादाने सांगितलं, "ती फुलं ठेवत नाहीये बरं का, उचलतेय. लोकांनी चुकून वाहिलेली फुलं ती काढून टाकतेय. आणि हे मागचे लोक आहेत ना, त्यांनी तिचं ऐकलंय. म्हणून माना खाली घातल्यात."

तिने तो खेळ किती वेळा पुरा केला याला गणती नाही. मग यंत्र मामाकडे परत गेलं, ती मोठी झाली, लग्न झालं, मोडलं. पण ती गोष्ट काही तिच्यातून गेली नाही. दुसऱ्या बायका अडचणीत देवाचं नाव घेतात, तसं ती मनातल्या मनात म्हणायची, मी क्षमा करणार नाही, मी चालू लागणार. घरात, शाळेत, सिनेमात, सगळीकडे तिला एकच शिकवण मिळाली होती, की मोठ्यांचं पोटात घालावं, मन साफ करावं, नाहीतर आपणच कुजतो. एकट्या त्या खेळाने सांगितलं होतं की तसं काही नसतं. क्षमा न करताही माणूस पुढच्या गावाला जाऊ शकतो. नवऱ्याचं घर सोडताना सासू म्हणाली होती, "एकदा माफ करून बघ." तेव्हा हिला चक्क ते धनुष्य दिसलं होतं.

बदली होऊन वर्ष होत आलं होतं. गावात टूम निघाली, की तलावाला सरांचं नाव द्यायचं. सर आता ऐंशीचे झाले होते. समिती बसली, पदवीसुद्धा ठरली, 'जलमहर्षी'. वरचे साहेब खाली येऊन तिला सांगून गेले, "त्या दिवशी पाणी अगदी काचेसारखं पाहिजे." ती बरं म्हणाली. ते गेल्यावर तिने टोपली उपसली आणि पहिल्यांदाच त्या चिखलापेक्षा दुसऱ्या कशाची तरी जास्त किळस आली.

त्याच आठवड्यात रविवारी दुपारी मुलगी हसत हसत लॅपटॉप घेऊन आली. "आई, डोळे मीट. आता उघड." पडद्यावर तोच खेळ. मुलीने कुठूनसा शोधून काढला होता. तेच ढणढणतं संगीत, तीच चौकट. दोघी मांडीला मांडी लावून बसल्या. मुलगी इंग्रजी शाळेतली, फाडफाड वाचायची. दोन-तीन रविवार गेले आणि जळकं गाव आलं. आंधळी बाई बोलली. म्हाताऱ्याचा चेहरा बदलला.

मुलीने वाचलं, "तो म्हणतोय, मला क्षमा कर. आणि ती म्हणते, गुरुदेव, मी कधीच क्षमा केली आहे. तुमच्या कठोरपणामुळेच मी घडले."

"नाही, तसं नाहीये," पंपवाली म्हणाली. "नीट वाच."

"नीटच वाचतेय. हे बघ ना, हा शब्द."

पुढे ती तिरंदाज मुलगी म्हाताऱ्याच्या गळ्यात पडत होती. मग म्हातारा तिला वाचवताना मरत होता. मग पुतळा, फुलं, गुडघे टेकलेले लोक आणि चौकटीत अक्षरं, 'त्यांचे नाव अमर राहो.'

पंपवालीच्या तोंडात ती जुनी कोमट चव आली. तिने लॅपटॉप मिटला, जरा जोरातच. मुलगी घाबरली. "अगं, काय झालं? खेळ आहे तो."

"घाणेरडा आहे," पंपवाली म्हणाली. "जाळणारा सुटला, वर फुलं."

ते 'नाही' गोष्टीत नव्हतं, तरी तिला ऐकू आलं होतं. म्हणजे ते कुणीतरी घातलं होतं.

दादाचं गावात पाट्यांचं दुकान होतं. पितळी, पोलादी अक्षरं कापून द्यायचा. दवाखान्यांच्या, वकिलांच्या, बंगल्यांच्या पाट्या त्याच्याच हातच्या. सोमवारी काम सुटल्यावर ती तिथे गेली. करवतीचा कर्कश आवाज चालला होता, पितळेचा भुगा उडत होता. टेबलावर कापून झालेली अक्षरं ओळीने मांडली होती. ज, ल, म. चौथं दादाच्या हाताखाली होतं.

तिला बघून त्याने यंत्र बंद केलं आणि चटकन अक्षरांवर फडकं टाकलं. ते फडकं बघून तिला आणखीच शिसारी आली.

"झाक, झाक. मी काय चोरून न्यायला आलेय?"

"अगं, ऑर्डर आहे. मी नाही केली तर दुसरा कुणी करेल."

"दादा, त्या खेळाचा शेवट तू रचला होतास?"

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. स्टुलावर बसला, हातमोजे काढून मांडीवर ठेवले. त्याच्या भुवयांवर पितळेचा भुगा बसला होता.

"मला त्यातलं निम्मं कळतच नव्हतं," तो म्हणाला. "पण 'क्षमा' हा शब्द कळला. ती क्षमा करतेय एवढं कळलं. आणि तू कानात कापूस घालून माझ्या तोंडाकडे बघत होतीस. मला नाही ते वाचायला झालं या तोंडाने."

"मग हे या हाताने कसं कापवतं?"

दादा मांडीवरचे हातमोजे सारखे करू लागला.

"म्हणजे तुला सगळं माहीत होतं. मला इतकी वर्षं वाटत होतं, तू विसरलास. विसरला असतास तर परवडलं असतं."

"बारा वर्षांचा होतो गं. मला तेवढंच करता येत होतं."

"आणि आता? आता किती वर्षांचा आहेस?"

गिऱ्हाईक आलं, एक दंतवैद्य, पाटीचं विचारायला. दादा उठला आणि त्याच्याशी नेहमीच्या गोड आवाजात बोलू लागला. पंपवाली निघून आली. रस्ताभर तिला कळेना, की ज्याने आपल्याला जगवणारी ती गोष्ट दिली त्याचे पाय धरावेत की त्याच्या तोंडावर थुंकावं. थुंकण्याचीच उबळ जास्त होती.

समारंभाच्या दिवशी पाणी काचेसारखं होतं. तिने ते केलं होतं, तिचं कामच होतं ते. वरच्या साहेबांनी तिला खाली जाऊ दिलं नाही. कर्मचाऱ्यांनी गणवेशात काठावर उभं राहायचं, असा हुकूम. म्हणून इतक्या वर्षांनी ती त्या फरशीवर उभी राहिली. फरशी बदललेली होती, तरी तिने बूट घट्ट रोवले.

सरांना खुर्चीतून आणलं. वाळलेले, पांढरे, अंगाला वेदनाशामक मलमाचा वास. लोक ओळीने पाया पडत होते. भाषणं झाली. एकाने दुसऱ्यापेक्षा चढं कौतुक करायचं, अशी पैज लागल्यासारखं चाललं होतं. मग सरांच्या हातात माईक दिला. आवाज मात्र अजून तसाच होता.

"आत्ताच्या पोरांना फुलासारखं जपतात," सर म्हणाले. "आमच्या वेळी तसं नव्हतं. एक बेडकी होती. तलावात ओकली. मी तिला तिथेच चाटायला लावलं!" ते हसले. "पुन्हा म्हणून कुणी ओकलं नाही."

हशा पिकला. टाळ्या पडल्या. तरुण आईबाप हसले, पोरांना कडेवर घेतलेले.

"ती मी," पंपवाली म्हणाली.

माईक नव्हता, तरी ऐकू गेलं. माना वळल्या. मग पुढच्या रांगेतली एक बाई आनंदाने ओरडली, "बघा, बघा! सरांच्याच हाताखालची! आज त्याच तलावाची सेवा करतेय!" पुन्हा टाळ्या. कुणीतरी तिला ढकलत पुढे नेलं. सरांनी डोळे बारीक करून बघितलं, "अरे, बेडकी!" म्हणाले, आणि तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला.

ती मागे सरली. "हात लावू नका. मी नऊ वर्षांची होते. माझी मान दाबून तुम्ही मला ओकारी चाटायला लावलीत. मी तुम्हाला क्षमा केलेली नाही, आणि करणार नाही."

सरांचा हात हवेतच राहिला. सूत्रसंचालकाने झटकन माईक ओढून घेतला. "आनंदाने भावना अनावर झाल्या आहेत, आपण समजू शकतो. आता अनावरण!"

कुणीतरी दोरी ओढली, पडदा पडला, पितळी अक्षरं झळकली. पुन्हा टाळ्या. आपण नागडं सत्य मांडलं आणि या लोकांनी त्याला हार घालून बसवलं, असं पंपवालीला वाटलं. तलावाची घाण निदान टोपलीत अडकते.

दादा शिडीपाशी उभा होता, खिशात पाना, हातावर पितळेचा चट्टा. तो पुढे आला.

"ती खरं सांगतेय," तो म्हणाला. "मी तिथेच होतो. तिचा टॉवेल घेऊन उभा होतो. ती थट्टा नव्हती. ती रडत होती."

कुणी म्हणालं, "आता हे कशाला उकरायचं?" कुणी म्हणालं, "म्हाताऱ्या माणसाचा दिवस आहे हो." चहाची किटली फिरू लागली होती, लोक बिस्किटं बुडवून खात होते, पाटीकडे बघत होते, या दोघांकडे नव्हते. फक्त औषधाच्या दुकानाची मालकीण, एक जाडजूड बाई, तिने भरलेला कप खुर्चीवर ठेवला आणि पंपवालीजवळ आली. "माझी बोटं मोडली होती त्यांनी," ती म्हणाली. "मी घरी सांगितलं, दारात सापडली." एवढं बोलून ती फाटकाबाहेर पडली. तिच्या मागून आणखी कुणी गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वरच्या साहेबांनी पंपवालीला बोलावलं. खात्याची बदनामी झाली, पण आपण मोठ्या मनाने विसरू, फक्त तिने सरांच्या घरी जाऊन एकदा पाया पडावं. "मन मोकळं होईल तुमचंच," ते म्हणाले.

"माझं मन मोकळंच आहे," ती म्हणाली. "तुमचं तुंबलंय. बदली करा."

बदली झाली. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर, गावाबाहेर. शिक्षा म्हणून दिली होती. तिथे दोन मोठे पंप होते, चढाचा रस्ता होता आणि कुणी येत नसे. तिला ते मानवलं. तलावावर सरांचं नाव राहिलं. गावातले काही जण तिला बघून रस्ता ओलांडू लागले, त्यात बाबांचे जुने मित्र होते आणि समोरच्या घरातली बाईसुद्धा. औषधाच्या दुकानात मात्र ती गेली की मालकीण नोकराला बाजूला सारून स्वतः पुढे यायची. त्या विषयावर दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. खोकल्याचं औषध घ्यायच्या, हवापाण्याचं बोलायच्या.

दादावरचा तिचा राग निवळला, असं म्हणता येणार नाही. तो यायचा, भाचीशी गप्पा मारायचा, दारात चपला घालताना हळूच म्हणायचा, "अजून बोलत नाहीस ना नीट?" ती म्हणायची, "नाही." तो मान हलवायचा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायचा. तिने त्याला यायला कधी मना केलं नाही.

पावसाळा सरता सरता सर गेले. गावाने दुकानं बंद ठेवली. खात्यातून फोन आला, की अकरा वाजता सगळे पंप थांबवून दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं. पंपवालीने ऐकून घेतलं, फोन ठेवला आणि बेअरिंगला तेल घालायला घेतलं. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले. पंप चालूच होते, पाणी वर चढत होतं. त्या धडधडीत तिला दुसरा फोन वाजल्याचं उशिरा कळलं.

दादा होता. "कळलं ना?"

"कळलं."

"जाणार आहेस?"

"नाही. तू?"

पलीकडून करवतीचा आवाज येत होता. त्याला तो बंद करावासा वाटला नाही.

"मी दुकान उघडं ठेवलंय," दादा म्हणाला.